शिशाचं पेट्रोल

धाकटी चिनीमातीच्या बशा रंगवायची. दोघी बहिणींत लहान म्हणून माहेरी तिला धाकटी म्हणत आणि लग्नानंतर नवऱ्यानेही तेच नाव उचललं. तळमजल्यावर गाडी ठेवायची खोली होती, तिला लागून धाकटीची कामाची खोली. बशांवर ती मासे काढायची, निळे आणि जरा चिडक्या तोंडाचे. लोकांना ते आवडायचे. नवऱ्याला आवडायचे नाहीत.

नवरा टायरच्या कंपनीत होता. कंपनी शर्यतीच्या गाड्यांना टायर पुरवायची, त्या ओळखीतून तो ट्रॅकवरचं पेट्रोल कॅन भरून घरी आणायचा आणि आपल्या साध्या, रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत ओतायचा. त्या पेट्रोलने इंजिनाचा आवाज बदलतो असं त्याचं म्हणणं होतं. सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून तो गाडी चालू करायचा आणि चार वर्षांच्या बिट्टीला मांडीवर घेऊन आवाज ऐकत बसायचा. कॅनमधलं पेट्रोल नळीला तोंड लावून ओढायचा. त्यातच सुटे भाग धुवायचा, काळे झालेले हातही. बिट्टी त्याच फरशीवर रांगोळीच्या खडूने घरं काढायची आणि मग तीच बोटं तोंडात घालायची.

पाचव्या वर्षी बिट्टीचे शब्द हरवू लागले. आधी रंगांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची. पोट दुखतं म्हणून ती जेवायची नाही. नवऱ्याला याची गंमत वाटायची. जेवायला बसलं की तो चमचा वर धरून विचारायचा, "हे काय?"

बिट्टी चमच्याकडे बघत राहायची.

"बघा, आमच्या विदुषी," तो म्हणायचा. मग धाकटीकडे वळून, "तुझ्या माहेरचं डोकं घेऊन आलीय. आमच्याकडे असं कुणी नाही."

एकदा बिट्टीने खूप वेळाने "वाटी" म्हटलं, तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. बिट्टीही त्याच्याबरोबर हसली.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. मुलीच्या रक्तात शिसं होतं, बरंच. मेंदूवर परिणाम झालेला दिसत होता. "हे कुठून तरी आत जातंय," डॉक्टर म्हणाले. "घरात जुना रंग, जुन्या बॅटऱ्या, असं काही आहे का?"

पेट्रोलच्या कंपनीचे मूळ डबे ट्रॅकवरच राहत. 'यात शिसे आहे, रस्त्यावरील वाहनात वापरू नये' हे त्यांच्यावर हाताएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असे. नवऱ्याने ते कितीदा तरी वाचलं होतं. तो म्हणाला, "हिचे रंग असतील, डॉक्टर. बशा रंगवते ही. पोरगी दिवसभर तिथेच असते."

डॉक्टरांनी धाकटीकडे पाहिलं. "बाई, ते आजच्या आज बंद करा."

धाकटीने त्या दिवशी सगळ्या बशा फोडल्या. नवऱ्याने खोकी उचलायला मदत केली. सासूबाई आल्या होत्या, त्या जिन्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "पोटच्या पोरीला विष घालणारी आई मी आजवर पाहिली नव्हती." नवरा तेव्हा तुकडे गोळा करत होता. त्याने मान वर केली नाही.

दोन महिने धाकटी बिट्टीला औषधं देत होती, हातपाय धूत होती, कामाची खोली पुन्हा पुन्हा घासत होती. पुढचा रिपोर्ट आला तो जवळजवळ तसाच.

"कुठेतरी लपवून ठेवलायस रंग," नवरा म्हणाला. "सुटत नाही ना तुला."

मग एका सकाळी चढावर गाडी बंद पडली. ती गॅरेजमध्ये टाकून नवरा कंपनीच्या कामाला परगावी गेला आणि गाडी आणायला धाकटीला जावं लागलं. मेकॅनिकने तिच्यापुढे इंजिनातला एक प्लग धरला. त्याच्या टोकावर राखाडी-पिवळा थर बसला होता.

"सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारी जाळी असते, ती पार चोंदलीय," तो वैतागून म्हणाला. "तुमच्या मिस्टरांना मागेच सांगितलं होतं, शिशाचं पेट्रोल आहे ते, या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट इंजिन मरतं. म्हणाले, गाडी माझी आहे, तू पाने फिरव."

"शिसं धुरातनं बाहेर येतं?" धाकटीने विचारलं.

"येतं की. बंद जागेत गाडी चालू करत जाऊ नका."

धाकटीने गाडी तिथेच सोडली. घरी येऊन बिट्टीचे कपडे भरले आणि ती ताईकडे गेली. नवऱ्याला फोनवर म्हणाली, "रंग राहिला असेल घरात. तिला थोडे दिवस इथेच ठेवते."

"आता सुचलं शहाणपण," नवरा म्हणाला.

ताईने सगळं ऐकून घेतलं. "आणि तो? तो तर तोंडाने ओढतो ते."

"हो."

"सांगितलंस त्याला?"

"त्याला माहीत आहे काय आहे ते."

"त्याच्या स्वतःच्या अंगात किती गेलंय, ते माहीत आहे?"

"ते नसेल," धाकटी म्हणाली आणि बिट्टीचे केस विंचरायला बसली.

उरलेले कपडे आणायला ती एकदा घरी गेली. नवऱ्याने नवी जाळी बसवून घेतली होती आणि पुन्हा तेच पेट्रोल भरत होता. तो वाळला होता, डोळे खोल गेले होते. झोप येत नाही म्हणाला. बोलता बोलता दंडावरून काहीतरी झटकत होता.

"मुंग्या झाल्यात इथे. तुला दिसत नाहीत?"

तिथे एकही मुंगी नव्हती. "दिसतात ना," धाकटी म्हणाली. "औषध मार." कपड्यांची पिशवी घेऊन ती निघाली.

पुढच्या आठवड्यात तो ऑफिसात टेबलावर चढला आणि किड्यांपासून वाचायला त्याने अंगावरचा शर्ट फाडला. त्याला आकडी आली. हॉस्पिटलात हातपाय बांधून ठेवावं लागलं. डॉक्टर सगळ्यांना विचारत होते, दारू, गोळ्या, कारखान्यातलं काही रसायन? सासूबाई म्हणाल्या, बायको टाकून गेली त्याचा धसका घेतलाय. धाकटी बाकावर बसून होती. तिने दोन दिवस काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून डॉक्टरांच्या खोलीत जाऊन पेट्रोलचं सांगितलं.

"हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

"हो, हवं होतं," धाकटी म्हणाली.

तो वाचला. आता आईकडे असतो, नोकरी गेली. बिट्टीचं पोट दुखायचं थांबलं. शाळेत तिला एक वर्ष मागे बसवलंय आणि तिथेही ती मागेच पडते. शब्द परत येतील तेवढे येतील, असं डॉक्टर म्हणतात.

धाकटी त्याला भेटायला एकदाच गेली, एकटीच. तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. तिला बघून त्याने विचारलं, "मुंग्या नव्हत्या ना तिथे?"

"नव्हत्या."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

त्याने मान खिडकीकडे वळवली. मग तो म्हणाला, "पाणी दे."

तिने पेला भरून त्याच्या हातात दिला. हात इतका कापत होता की अर्धं पाणी मांडीवर सांडलं. धाकटीने पेल्याला हात लावला नाही. तो उरलेलं पिऊन होईपर्यंत ती समोर उभी राहिली. मग पेला धुऊन जागेवर ठेवला आणि बिट्टीची शाळा सुटायच्या आत निघाली.