खुंटीवरचं हाड

विनया हात धुऊन खोलीत आली, तर खुंटी रिकामी.

ती खोली मुळात केळीचे घड टांगायची. वसईतल्या सांडोरच्या त्या सासरच्या घरात विनयाने ती आपल्या कामासाठी मागून घेतली होती. मोडकी जीवाश्म हाडं ती तिथे जोडायची. लग्नाआधी संग्रहालयात करायची तेच काम, आता घरबसल्या. गावात कुणी विचारलं तर सासूबाई, अनसूयाबाई, ‘सून दगड चिकटवते’ एवढंच सांगत आणि विषय वाडीतल्या वांग्यांवर नेत.

या वेळचं हाड मात्र ऐरंगैरं नव्हतं. विदर्भात विहीर खणताना निघालेलं, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डायनासोरच्या पायाचं. आधी कुणा अतिशहाण्याने ते भलत्याच गोंदाने वेडंवाकडं चिकटवून ठेवलं होतं. विनयाने तो गोंद विरघळवून तुकडे सुटे केले, परातीतल्या वाळूत रोवून एकेक सांधा पुन्हा बसवला. आता गुडघ्याकडचा एकच तुकडा राहिला होता. पेरूएवढा, पण सगळी मेख त्यातच होती. तो बसल्याशिवाय हा प्राणी ओळखीतला की आजवर कुणी न पाहिलेला, हे ठरणार नव्हतं. या पायावर संशोधन करणारी नताशा संध्याकाळी गाडी घेऊन तो न्यायला येणार होती. “हा तुकडा हरवला तर माझं सगळं मुसळ केरात, ताई,” असं ती हसत म्हणाली होती, पण तिचे डोळे हसत नव्हते.

तुकडा धुतल्यावर वाळायला हवा होता. घरात मांजराचा उपद्रव. म्हणून विनयाने काल संध्याकाळी सासऱ्यांच्या जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात तो बांधला आणि घडाच्या खुंटीला टांगला. शिकलीसवरली बाई ही! विसर्जनापर्यंत माणसाच्या अस्थी अशाच फडक्यात बांधून टांगतात, त्याही घराबाहेर झाडाला, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? पण दगड झालेल्या हाडाला कुणी अस्थी म्हणेल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. त्यात आज सर्वपित्री अमावास्या.

तिने टेबलाखाली पाहिलं, वाळू चाळली, मांजराला उगाच हाकललं. “आई!” म्हणून दोनदा हाक मारली. स्वयंपाकघरात वडे झाकून ठेवलेले, बाहेर कुंपणाजवळ कावळ्यांचं पान वाढलेलं. देवघरात तिळाचा डबा उघडा होता आणि दर्भ नव्हते. ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तिने सासूबाईंना फोन लावला. तो पिठाच्या डब्यावरच वाजू लागला.

“अनसूयाबाय ना?” कुंपणापलीकडून शेजारची फेलिशिया म्हणाली. “मघाशीच रिक्षात बसून पाचूबंदरला गेल्या. हातात पांढरं गाठोडं होतं. मी म्हटलं, कोण वारलं की काय!”

विनयाने स्कूटर काढली. अमावास्येला भरदुपारी उधाणाची भरती असते, हे वसईत शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओहोटी असती तर चिखलात हात घालून तुकडा शोधता आला असता. उधाणात पडला की संपलं. सासूचा तिला असा संताप आला, की समोर असत्या तर ती काय बोलली असती देव जाणे. आणि राग सासूवर काढावा, तर फडकं बांधणारे हात आपलेच. आपलेच दात, आपलेच ओठ!

बाजाराजवळ एक टेम्पो आडवा लागला होता. तिने हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. खिशात फोन थरथरत होता, नताशाच असणार. तो उचलायची तिची छाती झाली नाही.

बंदरावर मासळीचा लिलाव आटोपला होता. रिटा म्हणून ओळखीची कोळीण पाट्या धूत बसली होती.

“तुझी सासू? ती बघ, त्या पायरीवर, पान्यात पाय सोडून,” ती म्हणाली. “मी बोल्ले, बाय, पानी चढतंय, उठ. ऐकते कुठं!”

अनसूयाबाई शेवटच्या कोरड्या पायरीवर बसल्या होत्या. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलेलं. फडकं सुटून मांडीवर पसरलेलं, आणि तुकडा त्यांच्या ओल्या ओंजळीत, थेट पाण्यावर धरलेला. विनयाच्या ओठांवर आलेली किंकाळी तिने गिळली. दचकल्या तर हातातून सुटेल. ती शेवाळावरून पाय रोवत उतरली आणि शेजारी बसली.

“आई,” ती हळूच म्हणाली.

“आलीस?” अनसूयाबाईंनी मान वळवली नाही. “घरात हाड टांगतात का गं? तेही ह्यांच्या धोतरात? सणवार नाही, सुतक नाही, कोण कुठला जीव खुंटीला लटकलेला. रात्रभर मला झोप नाही. म्हटलं, आज सगळ्यांचं करतात, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचंसुद्धा. ह्याचंही उरकून टाकू.”

एक लाट पायरीवर आदळली. ओंजळ हलली. विनयाने तिच्याकडे पाहतच विचारलं,

“मग?”

“मग काय! तीळ सोडले, आणि नाव घ्यायला गेले तर अडले. तिथी नसली तरी चालते, नाव नको का? कुणाचं म्हणून सोडू? मघापासून तशीच बसलेय.” आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “काय नाव ह्याचं?”

काहीतरी नाव ठोकून द्यायची सोय नव्हती. म्हातारी ते घेऊन लगेच ओंजळ सोडती. आणि खोटं बोलावंसं विनयाला वाटलंही नाही.

“त्याला नावच नाही, आई. हा कोण होता, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. हा तुकडा पायाला बसला तरच कळेल. तुम्ही आज सोडलात तर तो कायमचा बेवारस.” बोलता बोलता तिला रडू फुटलं.

अनसूयाबाईंनी तुकडा पदराने पुसला. मग मांडीवरचं फडकं सारखं करून त्यात ठेवला आणि गाठ मारली, एकावर एक दोन. विनयाने हात पुढे केला, पण त्यांनी गाठोडं दिलं नाही.

“तू स्कूटर चालव. मी धरते,” त्या म्हणाल्या. पायऱ्या चढून वर आल्यावर त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला. “आणि नाव लागलं की मला पहिलं सांग. पुढच्या सर्वपित्रीला घेईन.”