बायकोला माफ असतं

पोलिसांनी माझ्या नवऱ्याला माझ्याच घराच्या माळ्यावरून खाली उतरवलं तेव्हा मी चुलीपुढे रोटला थापत होते. पीठ हातातच राहिलं. भुपतच्या हातात बेड्या, दाढी वाढलेली, आणि बघतोय कसा, तर त्याचं ताट वाढायला मी उशीर केला असल्यासारखा.

मेल्यानं विकायच्या दारूत कसलं रसायन ओतलं ते त्याचं त्याला माहीत. गावातली अकरा माणसं गेली. त्यांत माझा सख्खा भाऊ वेलजी. त्याला जाऊन आज नववा दिवस. भुपत सुरतेला पळाला असं सगळं गाव म्हणत होतं. मीही म्हणत होते, वर शिव्या घालत होते. आणि हा माझ्या डोक्यावर झोपला होता.

ठाण्यात माझ्या सासूला, बांना, कोपऱ्यात बसवलं आणि मला फौजदारापुढे.

"वर जेवण कोण नेत होतं?"

"बा. सहा दिवस झाले. माताजीचा नवस होता म्हणे. वर देवीपुढे एकटीनं, मौन धरून जेवायचं. कुणी माळ्यावर यायचं नाही."

"शिजवत कोण होतं?"

"मीच. घरात दुसरं आहे कोण?"

"काय न्यायच्या?"

"दोन रोटले, लसणाची चटणी, कांदा."

फौजदार बांकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "बेन, म्हातारीच्या तोंडात दात किती आहेत?"

एकही नाही. तीन वर्षं मी तिला रोटला दुधात कुस्करून देतेय. सहा दिवस कोरडे रोटले वर गेले, ताट चाटूनपुसून खाली आलं आणि मी ते मुकाट्यानं घासलं. मला कळलं नाही, की मी कळून घेतलं नाही? देवाशपथ, मला आजही सांगता येत नाही. माझा भाऊ ज्याच्यामुळे मेला त्याला मी या हातांनी जेवू घातलं होतं.

आमची बाजू बघायला आलेल्या वकील माकडियाभाईंनी मला बाजूला घेतलं. "जसुबेन, नीट ऐका. गुन्हेगाराला आसरा दिला की शिक्षा होते. आईलासुद्धा होते. फक्त नवरा-बायकोला माफ. तुम्ही म्हणा, मीच लपवला, बांना काही माहीत नव्हतं. तुम्हाला काही होणार नाही आणि म्हातारी सुटेल."

"हा कसला कायदा? आईनं लपवला तर गुन्हा, बायकोनं लपवला तर नाही? आणि जिचा भाऊ मेला त्या बहिणीनं लपवला तर?"

"बहिणीचं कायद्यात काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

बा कोपऱ्यातूनच पुटपुटल्या, "दारात येऊन पाय धरले गं त्यानं. मी काय करणार होते?"

"मला सांगायचं होतंत."

"तू फौजदाराला सांगितलं असतंस."

"हो, सांगितलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

मला इतका संताप आला की तिचं तोंड बघू नये असं वाटलं. पण तिचा डावा हात दिसला. भुपत पिऊन माझ्यावर काठी उचलायचा तेव्हा ही मध्ये पडायची. त्यातच तो मोडला, अजून सरळ होत नाही. या वयात तिला तुरुंगात पाठवून मी घरी कशी जाणार होते?

"लिहा," मी फौजदाराला म्हणाले. "मीच लपवला. बांना काही माहीत नव्हतं."

"मघाशी वेगळं सांगत होतात."

"मघाशी खोटं बोलले."

"मोठ्यानं बोला. लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही."

मी मोठ्यानं बोलले. सगळं, पहिल्यापासून. फौजदाराचा एका अक्षरावर विश्वास बसला नव्हता, पण त्यानं माझा अंगठा घेतला आणि म्हणाला, "जा दोघी घरी. बोलावलं की या."

"बघा, काही झालं का तुम्हाला?" माकडियाभाई हसून म्हणाले.

ओसरीत आलो तर बाकावर लाभुभाभी बसलेली, माझ्या वेलजीची बायको. तिलाही जबाबाला बोलावलं होतं. तिच्या डोक्यावरची फौजदाराच्या खोलीची खिडकी सताड उघडी.

"सहा दिवस?" ती म्हणाली.

"भाभी, ऐक..."

"त्या सहा दिवसांत तू रोज माझ्याकडे येत होतीस. माझ्या गळ्यात पडून रडत होतीस. मी जेवत नव्हते तर तू मला भरवलंस, जसु."

मला सगळं सांगायचं होतं. पण मागे दारात फौजदार उभा, आणि बांनी माझा हात घट्ट धरलेला. खरं बोलले असते तर म्हातारी पुन्हा आत गेली असती.

भाभी उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"तू आणलेला कढीचा डबा घासून ठेवलाय," ती म्हणाली. "कुणाच्या तरी हाती मागवून घे. तू नको येऊस."