टाकातली बाई

लहानपणी मला मेलेली बाई दिसायची. शाळेत मी हे कधी सांगत नाही. गणिताच्या बाईंना भुतं दिसतात असं कळलं तर पोरं पाढे सोडून तीच मोजत बसतील. पण दिसायची, हे खरं. देवळाली प्रवरेच्या आमच्या वस्तीवर उसाला तोड आली की ती बांधावर उभी असायची. हिरवं लुगडं, हात मोकळे, नजर माझ्यावर. मी आईचा पदर ओढायचे. आई सरळ तिकडे बघायची आणि म्हणायची, "तिथं कुनी न्हाई." मग घरात नेऊन माझी दृष्ट काढायची.

ती कोण, ते मला ठाऊक होतं. दादांची पहिली बायको, चांगुणा. सहा वर्षं मूल झालं नाही म्हणून दादांनी माझ्या आईशी, गोजरबाईशी, दुसरं लग्न केलं. चांगुणा पुढे ऊसतोडीला गेली आणि तिकडेच वारली, माझ्या जन्माच्या आदल्या साली. आमच्यात पहिली वारली की दुसरीने तिचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, सणावाराला पहिला घास त्याला दाखवायचा. म्हणजे ती लेकराबाळांच्या वाटेला जात नाही. काळ्या दोऱ्यातला तो टाक आईने कधीच उतरवला नाही.

दादा जाऊन पाच वर्षं झाली. यंदा आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. मी एकुलती एक, रक्तगट जुळला, माझी एक किडनी द्यायची, प्रश्नच मिटला होता. नगरच्या डॉक्टरांनी नात्याच्या पुराव्यासाठी आम्हा दोघींची डीएनए तपासणी सांगितली तेव्हा मला रागच आला. सगळी वस्ती म्हणते, राजेश्वरी म्हणजे हुबेहूब गोजरबाई, आणि यांना कागद पाहिजे!

कागद आला. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, या तुमच्या जन्मदात्या आई नाहीत."

"नमुने बदलले असतील," मी फाडकन म्हणाले. त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा घेतले. पुन्हा तेच आलं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती दचकली नाही. गळ्यातला टाक चिमटीत धरून तिने माझ्यापुढे केला. "तू हिची हायेस," ती म्हणाली.

मी जन्मायच्या आधी मेलेल्या बाईची मी कशी असेन?

"ती मेली न्हवती गं. माजी दोन लेकरं पाळन्यातच गेली. देवरुषी म्हनला, सवतीची नजर हाय, तिचा टाक घाल. पन टाक मेलेलीचा आस्तो. मग तुज्या दादांनी तिला हाकलून दिली आन् गावात सांगितलं, मेली. तेराव्याचं जेवान बी घातलं." आईला धाप लागली. "ती पोटुशी हुती, कुनाला ठावं न्हवतं. सालभरानं तान्ही तू घिऊन दारात आली. टाक घालूनबी माजं तिसरं आदल्याच दिशी गेलं हुतं, वस्तीवर कुनाला कळलं बी न्हवतं. तिनं माज्या गळ्यात सोताचा टाक बगितला. लई येळ बगितला. मग तुला माज्या वटीत टाकलं. म्हनली, मेलेलीला कसलं लेकरू?"

"आणि बांधावरची?"

"तीच. दर साली टोळीसंगं यायची."

भूत असतं तर परवडलं असतं. जिवंत आईची दृष्ट काढली होती माझ्यावरून, वर्षानुवर्षं. मला इतका संताप आला की समोरचं ताट भिरकावून द्यावंसं वाटलं. आणि आईचे सुजलेले पाय दिसले तसं रडू आलं.

"तिचं येकदा घेतलं," आई म्हणाली. "आता तिला इचारल्याबगर तुज्या अंगातलं कायबी घेनार न्हाई. मेले तरी चालंल."

समितीची परवानगी काढून तरीही देता येईल, पण घाई करा, असं डॉक्टर म्हणत होते. मी शाळेत रजा टाकली आणि कारखान्याजवळच्या तळावर गेले. पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या तिथे पाचटाच्या कोप्या बांधून उतरल्या होत्या. दोन दिवस हिंडले. चांगुणा नावाची बाई एकाही मुकादमाला माहीत नव्हती. तिसऱ्या दुपारी एका कोपीसमोर एक म्हातारी उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या पेंढ्या बांधत बसलेली दिसली. तिने मान वर केली. ते माझंच तोंड होतं, पंचवीस वर्षांनी म्हातारं झालेलं. वस्तीला इतकी वर्षं काय दिसत होतं कोण जाणे.

"चांगुणाबाई का?"

"ती मेली," म्हातारी म्हणाली. "लई वर्सं झाली."

मी तिथेच मातीत बसले. ती पेंढ्या बांधत राहिली. मग खाली बघतच तिने विचारलं, "गोजर कशी हाय?"

मी सगळं सांगितलं. आजार, किडनी, आईचा हट्ट. "तुम्ही हो म्हटल्याशिवाय ती घेणार नाही. मरेल ती."

म्हातारीने हात माझ्या गालाजवळ आणला. गालाला लागू न देताच मागे घेतला.

"दे तिला," ती म्हणाली. "मेलेल्या मानसाला कशापायी इचारती?"