दुसऱ्या भागातली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. पण रस्त्यापेक्षा पडद्यावर जास्त धावलेली, म्हणून माझी कहाणी जरा वेगळी.

माझी सुरुवातीची वर्षं एका शिंप्याकडे गेली. एकदा त्याची पुतणी आली. ती पहिलाच चित्रपट काढत होती.

"काका, सायकल नेऊ का?"

"ने की. पण ब्रेक मनात आलं तरच लागतो हं!"

पुतणीला सगळे ताई म्हणत. गोष्ट साधीच होती : बाप लेकीला सायकल शिकवतो. बापाचं काम करणारे नट म्हणजे सगळ्यांचे मामा, त्यांनाच सायकल धड येत नव्हती. उतारावर माझा ब्रेक लागला नाही आणि स्वारी थेट कुंपणात! लेकीचं काम करणारी चिमणी घाबरून धावली. मामा पडल्या पडल्या म्हणाले, "आईला सांगू नकोस हं!" चिमणीला असं हसू फुटलं की आवरेना. हे कुणी लिहिलंच नव्हतं. ताईंनी तेच ठेवलं. लोक हसत, डोळे पुसत बाहेर पडले. माझी घंटी वाजवायला मुलांची झुंबड उडायची.

मग दुसरा भाग काढायचं ठरलं.

"लोकांना पडणं आवडलं ना? आता तीनदा पाडा," निर्माते म्हणाले. "शेवटी पुलावरून!"

"पण आता या बापलेकीचं सांगायचं काय?" ताईंनी विचारलं.

"तेच! लोकांना तेच हवंय."

त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. जो भेटेल तो 'दुसरा भाग कधी?' म्हणून मागे लागायचा. शेवटी ताईंनी होकार दिला.

मला नवे ब्रेक बसवले, रंग दिला आणि वर खोटा गंज चढवला. कुंपणापाशी गादी आली. मामा आता सराईतपणे पडू लागले. चिमणी एव्हाना कॉलेजात गेली होती. खोटं खोटं हसून हसून शेवटी तिला रडू कोसळलं.

"ताई, मामा पडणार हे मला ठाऊक आहे. हसू येईल कसं?"

मी पुलावरून पडले, तसा चित्रपटही आपटला. माझी रवानगी गोदामात झाली. टायर बसले, चाकांत कोळ्यांनी संसार थाटले.

बऱ्याच वर्षांनी शटर वर गेलं. ताई आणि चिमणी! चिमणीने माझ्या सीटवरची धूळ पदराने पुसली.

"हिची गोष्ट पुढे नको ना न्यायची?" तिने विचारलं.

"नको गं. ती छान संपली होती. तुझी नवी गोष्ट कुठली आहे?"

"लॉन्ड्री चालवणाऱ्या दोन बहिणींची. पण शेवट अजून सापडत नाहीये."

"मग तर ती करायलाच हवी," ताई म्हणाल्या. "दिग्दर्शन तूच कर."

मला हवा भरली, साखळीला तेल दिलं. माझं काम एवढंच : लॉन्ड्रीच्या भिंतीला टेकून उभं राहायचं. मामा गिऱ्हाईक झाले होते. ऐन वेळी ते वाक्य विसरले. थोरल्या बहिणीने नुकताच इस्त्री केलेला शर्ट हलकेच त्यांच्या गालाला लावला. ऊब लागताच मामांचे डोळे भरून आले. चिमणी 'कट' म्हणायचंच विसरली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर तेलपाणी करा, पण आमच्यावर खोटा गंज चढवू नका. आवडलेली गोष्ट मनात जपा, तिला पुन्हा पुन्हा पुलावरून ढकलू नका. आणि कुणी नवी गोष्ट सांगू लागलं, तर तिचा शेवट अजून सापडला नसला तरी, जरा जवळ सरकून बसा.