घरनंबराची पट्टी

गल्लीत तिला सगळे डासबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तीही हसून ओ देई. हिवतापावर संशोधन करणाऱ्या बाईला दुसरं म्हणणार तरी काय? घरोघरी पिंपात डोकावायचं, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, पिंपं उघडी टाकणाऱ्यांना फैलावर घ्यायचं. कामात मात्र अगदी नाकासमोर चालणारी, निदान लौकिक तरी तसा होता.

त्या वर्षी अभ्यास मच्छरदाण्यांचा होता. निम्म्या घरांना डास मारणारं औषध लावलेल्या, निम्म्यांना साध्या, आणि वर्षभराने कुठे किती ताप आला ते बघायचं. कोणाला कुठली, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. दोन्ही दिसायला सारख्याच. मच्छरदाणीला फक्त घरनंबराची पट्टी टाचलेली, आणि कुठल्या घराला कुठली ती यादी एकट्या डासबाईच्या कपाटात.

तिची धाकटी बहीण याच गल्लीत राहायची. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले होते, आणि चिठ्ठीत तिला निघाली साधी. वाटपाच्या सकाळी डासबाईने बहिणीची आणि शेजारच्या शिंप्याची अशा दोन मच्छरदाण्या गठ्ठ्यातून काढल्या, पट्ट्या उसवल्या आणि अदलाबदल करून टाचल्या. पाच मिनिटांचं काम. एवढ्या घरांत एका घराने काय होतंय, असं तिने स्वतःला बजावलं. शिंपिणीलाही दिवस गेलेत हे तिला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर तिने विचारलंच नव्हतं.

सातव्या महिन्यात शिंपीण तापाने फणफणली. काचपट्टी डासबाईनेच तपासली. हिवतापच होता. बाई वाचली, पोटातलं मूल गेलं.

पंधरा दिवसांनी डासबाई तापाच्या नोंदींचा तक्ता घेऊन त्यांच्या घरी गेली. तिचा पाय उचलत नव्हता, पण घर टाळलं असतं तर लोकांच्या डोळ्यांवर आलं असतं. शिंप्याने मशीन थांबवून खुर्ची पुढे केली. शिंपीण खाटेवर बसली होती.

"बाई, तुमच्या कागदावर लिहा, चूक माझी," ती म्हणाली. "मच्छरदाणी खिळ्याला अडकून फाटली होती. मी त्याच दिवशी शिवली, पण फट राहिली असणार. हे म्हणतात, नाही राहिली. मग डास शिरला कुठून?"

तिने शिवण दाखवली. इतकी बारीक, की डासबाईला आधी ती सापडेचना. बोट फिरवल्यावर सापडली. तोंड उघडलं तर तयारीसकट तीन वर्षांचं काम पाण्यात आणि नोकरीवर गदा. गप्प बसलं तर ही बाई जन्मभर स्वतःच्या टाक्यांना दोष देत राहणार. अपराधी वाटतंय म्हणून पंधरा दिवस आपण फक्त झोप घालवली, याची तिला लाज वाटली.

"तुमचा टाका पक्का आहे," ती म्हणाली. "मीच चोर आहे. औषधाची मच्छरदाणी तुमच्या वाट्याची होती. मी पट्टी बदलून ती बहिणीला दिली, आणि तुम्हाला साधी."

भिंतीपलीकडे बहिणीची आठ दिवसांची मुलगी रडायला लागली होती. तिघांनाही ते ऐकू येत होतं.

शिंपीण उठली. मच्छरदाणीच्या चारही दोऱ्या सोडल्या, नीट घडी घातली आणि डासबाईच्या मांडीवर ठेवली.

"ही तुमच्या बहिणीची," ती म्हणाली. "नेऊन द्या. आणि आमची घेऊन या."