आडवं, वाईट, तिरसट

"हे 'रागाने' कुणी लिहिलंय? तो माणूस काय भांडी फोडतोय?" दादाने कागद टेबलावर आपटला आणि कचेरीतल्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

लिहिलं होतं त्याच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने. शब्दकोशाच्या कचेरीत दोघं समोरासमोर बसत. 'क्रॉसली' हा इंग्रजी शब्द तिच्या वाट्याला आला होता.

"मग काय लिहू? तूच सांग," धाकटी हळूच म्हणाली.

"आधी शब्दाचं वय बघ. जुन्या लिखाणात याचा अर्थ नुसता आडवा. काठीवर काठी ठेवावी तसा. मग नशीब आडवं यायला लागलं, म्हणून 'प्रतिकूलपणे'. आणि शेवटी माणूसच आडव्यात शिरला." बोलता बोलता त्याचा आवाज निवला. "राग मोठा असतो गं. ही नुसती किरकिर, झोपमोड झालेल्या पोराची. 'तिरसटपणे' लिही. आपलं तिरकं आणि तिरसट शेजारीशेजारीच नांदतात की नाही?"

"शब्द कशाला शोधता? नमुना समोरच बसलाय," मागून कुणीतरी पुटपुटलं. दोन-चार जण हसले. धाकटीला ते जिव्हारी लागलं, कारण हा दादा तिच्या ओळखीचा नव्हता. आईवडील गेल्यावर तिच्या वेण्या घालणारा, वेणी वाकडी झाली की "आज वाऱ्याची फॅशन" म्हणणारा तिचा दादा कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. गेल्या वर्षापासून मात्र त्याला खिडकीचा उजेड खुपत होता, शेजाऱ्यांचं हसणं खुपत होतं तसं तिचं चालणंही खुपत होतं.

पुढच्याच आठवड्यात तो मुख्य संपादकांच्या अंगावर धावून गेला. ते भले गृहस्थ, म्हणाले, "ताई, यांना घरी न्या. आणि डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो पाहिले. "चिडचिड हा यांचा स्वभाव नाही, आजार आहे. मेंदू आक्रसत चाललाय."

"औषध?"

"झोपेचं देतो. या दुखण्यावर औषध नाही."

"असेच चिडत राहणार?"

"नाही. हळूहळू चिडणं थांबेल."

तिला हायसं वाटलं. जिना उतरता उतरता मात्र डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिने कठडा घट्ट धरला. "चल की! मुहूर्त बघतेस का?" दादा खालून खेकसला. तो आवाज तिला त्या क्षणी गोड लागला.

डॉक्टरांचं खरं झालं. आधी दादा जेवणाला नावं ठेवेनासा झाला. मग खिडकी सताड उघडी राहिली तरी चालू लागलं. शेजारीण म्हणाली, "किती शांत झाले हो तुमचे दादा! तुमचा जाच संपला एकदाचा." धाकटी "हो ना" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

एका दुपारी ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"दादा, 'क्रॉसली'चा अर्थ बदलला मी. 'प्रेमाने' लिहिलंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"'अत्यंत प्रेमाने.' छापायलाही दिलं. ऐकतोयस ना? चुकलंय माझं. धडधडीत चूक आहे ही, दादा. बोल ना मला काहीतरी."

"हो," दादा म्हणाला. आणि गोड हसला.

मग तिने त्याचा हात मांडीवर घेतला आणि वाढलेली नखं कापू लागली. तो एकेक बोट शहाण्या मुलासारखं पुढे करत होता. दहाही बोटं झाली, तिने नखं कागदात गोळा केली. त्याने पुन्हा पहिलं बोट पुढे केलं.

तिने कापायला काही नसलेलं ते बोट हातात घेतलं आणि धरून ठेवलं.