ऋताच्या गुडघ्यावरची बर्फाची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी बर्फाची पिशवी आहे. बाहेरून निळ्या चौकड्यांचं कापड, आतून रबर आणि वर पांढरं फिरकीचं झाकण. माझ्या खोक्यावर 'गरम किंवा थंड' असं छापलेलं होतं. पण सीवूड्सच्या शाळेत आले त्याच दिवशी माझ्यात बर्फ भरला गेला आणि मी कायमची बर्फाची झाले.

मुरगळलेले घोटे, दारात चेमटलेली बोटं, बाकावर आपटलेली कपाळं, सगळ्यांवर मी बसले. "आधी पिशवी आणा!" म्हणत सगळे धावायचे. खरं सांगते, मला गर्वच झाला होता.

आमची सिकरूम सांभाळतात येसूमावशी. त्या दिवाळे गावच्या कोळीण. मासळीवर बर्फ टाकण्यात अर्धं आयुष्य गेलेलं, त्यामुळे बर्फावर त्यांचा भारी विश्वास.

जानेवारीतल्या एका सकाळी तिसरीतली ऋता लंगडत आली. ती पडली नव्हती, मारही लागला नव्हता, तरी गुडघे ठणकत होते.

"थांब गो पोरी, बर्फ ठेवते, लगेच बरा वाटंल," मावशी म्हणाल्या.

मी गुडघ्यावर बसले आणि ऋता किंचाळली. मावशींनी घाबरून आणखी बर्फ भरला. मित्रांनो, त्या दिवशी मी कुणाला तरी दुखवत होते आणि मला उठून जाता येत नव्हतं.

घरी फोन गेला. तिची आई गीतांजली धापा टाकत आली आणि दारातूनच ओरडली, "मावशी, बर्फ काढा आधी!"

"आवो, पन दुखतंय ना तिला?"

"तिला सिकलसेल आहे हो!"

ऋताच्या वर्गशिक्षिका वैजयंती टीचरनी तिचा प्रवेशाचा फॉर्म काढला. आजाराच्या रकान्यात आईच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'निरंक'.

"हे आधी सांगायचं ना, मॅडम," टीचर आईला म्हणाल्या.

"सासूबाई म्हणाल्या, उद्या पोरीच्या लग्नात आड येईल. पण लिहिलं मीच," आई रडत म्हणाली.

"दुसऱ्याला लागते का ता?" मावशींनी विचारलं.

"नाही हो. आईबाबा दोघांकडून जन्मतःच येतं." मग आईने समजावलं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखतं. थंडीने वाहिन्या आणखी आवळतात.

"म्हंजे मीच छलली पोरीला!"

"तुम्हाला कुठे माहीत होतं, मावशी? जिला माहीत होतं ती गप्प बसली."

आईने बर्फ ओतून माझ्यात कोमट पाणी भरलं. आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं, मग मला गुडघ्यावर ठेवलं. ऋताची आवळलेली मूठ हळूहळू सुटली. तिथूनच आई तिला दवाखान्यात घेऊन गेली.

पुढच्या पालकसभेत आई उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. मागून दिपेशकाका नावाचे एक पालक उठले, "माझ्या पुतणीचं असंच दुखतं. आम्ही वात वात म्हणत बसलो. उद्याच रक्त तपासतो." नंतर शाळेतच तपासणीचं शिबिर झालं. अंगात पाणी कमी पडलं की हे दुखणं वाढतं, म्हणून ऋताला तास चालू असतानाही पाणी प्यायची परवानगी मिळाली.

आता फ्रीजमध्ये नव्या जेलच्या पिशव्या आल्यात. माझं रबर तडकलंय, झाकण गळतं आणि मी खिडकीजवळच्या खणात असते. मैदानावरचं सगळं ऐकू येतं. परवा ऋताने सगळ्या वर्गासमोर सांगितलं, "टीचर, मला सिकलसेल आहे. आज थंडी वाजतेय, मी पळणार नाही."

"बरं, मग शिट्टी तू वाजव."

कुणी हसलं नाही. शिट्टी मात्र अशी वाजली की येसूमावशींनी कानांवर हात ठेवले!

मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. पण आजार लपवून माणूस जपता येत नाही. रक्ताची एक साधी तपासणी करून घ्या. आणि कुणाचं दुखत असेल, तर माझ्याकडे हात नेण्याआधी त्यालाच विचारा. ऋता आता स्वतः सांगते. तुम्ही फक्त ऐका.